अलाऊ करू का?

फुकट म्हणजे फुकट कसं, हा प्रश्न रंभाच्या डोक्यात शिरला तो काही निघेना. दौंडला स्टेशनच्या रस्त्यावर तिचं दुकान, दीक्षा ग्राफिक्स. लेकीचं नाव. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स, स्थळांचे बायोडाटा, चौदा वर्षं हीच कामं एका जुन्या कॉम्प्युटरवर केली. त्यातलं डिझाइनचं सॉफ्टवेअर कुणीतरी कधीतरी सीडीवरून टाकून दिलेलं. ते कुणाचं, कुठलं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. दिवाळीनंतर तो कॉम्प्युटर एका सकाळी काळा पडला तो पडलाच. नवा आणला, तर त्यावर ती सीडी चालेना.

तिचा भाचा सम्राट कारेगावला एका कंपनीत कॉम्प्युटरचं बघतो. त्यानं फोनवर दोन सॉफ्टवेअर सांगितली, दोन्ही फुकट.

"एक आपल्या मशीनवर ऱ्हातं, आत्या. त्याला तुझं खातं नको, नाव नको. दुसरं इंटरनेटवर चालतं. सोपं हाय, पण ते सगळं विचारतं आन् सगळं तिकडंच ठेवतं."

"तिकडं म्हंजी कुठं?"

"त्यांच्याकडं."

"त्यांच्याकडं म्हंजी कुणाकडं?"

"ते मलाबी नीट न्हाई सांगता यायचं."

आता बोला. ज्याला कळतं त्याची ही गत, तर रंभानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं? समोरच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं, तो म्हणाला, फोटो विकतात. मोबाइलच्या दुकानातला म्हणाला, आपली थोबाडं कोण विकत घेतंय, वहिनी. नवरा रेल्वेत, तो म्हणाला, तुला जमतंय ते घे आणि जेवायला वाढ. तिघांचं ऐकून ती होती त्याहून जास्त गोंधळली.

तिनं आधी मशीनवरचंच घेतलं, शहाण्या बाईसारखं. पण त्यात मराठी टाइप केलं की जोडाक्षरं फुटायची. पहिल्याच दिवशी दुकानाचं नाव लिहिलं, तर पाय मोडलेला क एकीकडं आणि ष दुसरीकडं. लेकीच्या नावाचे असे तुकडे बघून तिला कसंतरीच झालं. सम्राट म्हणाला, फॉन्टचं काहीतरी असेल, रविवारी येऊन बघतो. रविवार आले आणि गेले. इकडं गिऱ्हाइकं दारात खोळंबलेली.

शेवटी तिनं इंटरनेटवालं उघडलं. ते विचारायला लागलं. ईमेल बघू का? फोटो बघू का? फोनमधले नंबर बघू का? दर वेळी तिचं बोट 'अलाऊ'पाशी थबकायचं आणि मग दाबायचं. अकरा वेळा विचारलं त्यानं, तिनं मोजलं होतं. कशाला हो म्हटलं हे तिला धड सांगता आलं नसतं, पण अक्षर मात्र काय सुरेख यायचं.

महिनाभरानं शिरूरकडच्या एका गावातल्या मुक्ताबाई आल्या. "शिरूरला केलं असतं, पर तिथं सगळी वळखीची," म्हणाल्या आणि पिशवीतून वहीचं पान काढलं. लेक सायली, वय अठ्ठावीस, कारेगावला कंपनीत नोकरी. पार खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात: घटस्फोटित.

"लपवायचं न्हाई, लिहायचंच हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "पर ज्याला द्यायचं त्यालाच मी माझ्या हातानं देणार. कारेगावला ती भाड्यानं ऱ्हाती तिथं कुणाला ठाव न्हाई, रंभाताई. लगीन झालंच न्हाई असं समजत्यात. तेवढं बाहेर जाऊ देऊ नका."

"माझ्या कॉम्प्युटरच्या बाहेर जायचं न्हाई," रंभा म्हणाली. म्हणता म्हणता तिची जीभ अडखळली. कॉम्प्युटर तिचा होता, पण फाइल कुठं होती? तिकडं. पण मुक्ताबाईंना हे तिकडंचं प्रकरण समजावायचं तरी कसं, तिचं तिलाच कुठं समजलं होतं. तिनं वहीचं पान पुढं ओढलं.

आता पत्रिका करणाऱ्यांची एक रीत असते. कोरं पान कुणी उघडत नाही. मागच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडायची, नावगाव खोडायचं, नवं लिहायचं. नक्षी तीच, गणपती तोच. म्हणून तर कधीकधी एकाचा मामा दुसऱ्याच्या पत्रिकेत जातो आणि मांडवात हसं होतं. रंभानं आठवड्यापूर्वीची केडगावच्या इंद्रजीतची फाइल उघडली, त्याचा फोटो काढून सायलीचा टाकला, नाव, उंची, शिक्षण, मामांचं गाव, घरचा फोन नंबर असं सगळं बदललं. तळाला 'सौजन्य: दीक्षा ग्राफिक्स, दौंड' आणि दुकानाचा नंबर होताच. एक प्रत छापून दिली. मुक्ताबाई समाधानानं गेल्या.

चारच्या सुमाराला इंद्रजीतचा फोन. "काकू, माझ्या बायोडाटात बाई दिसतीय."

"कसली बाई?"

"माझ्या जागी कुणीतरी सायली. फोटोसकट. घटस्फोटित लिहिलंय. ग्रुपवर लोक विचारत्यात, हे काय."

उंची एखादा इंच वाढवायची झाली तर आपल्या हातानं वाढवता यावी, म्हणून या पठ्ठ्यानं रंभाकडून फाइलची लिंक मागून घेतली होती. ती त्यानं समाजाच्या वधूवर ग्रुपवर टाकलेली. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांतली अडीचशे माणसं त्यात.

तिला वाटलं, झालं, चोरलं. फुकटवाल्यांनी सायलीचा फोटो उचलून ग्रुपवर फेकला. तिनं सम्राटला फोन लावला आणि त्या कंपनीच्या सात पिढ्या उद्धारल्या. त्यानं ऐकून घेतलं.

"आत्या, तू नवी फाइल केलती का जुन्यातच लिहिलं?"

"जुन्यातच. कायम तसंच करते की."

"मशीनवर चालायचं ते. हितं लिंक म्हंजी त्या फाइलची खिडकी. तू आतलं बदललंस की बाहेरच्यांना बदललेलं दिसतं."

"म्हंजी कंपनीनं न्हाई केलं?"

"न्हाई. तू केलंस."

त्यानं सांगितलं तशी तिनं लिंक बंद केली. पण तोवर कुणी बघितलं, कुणी फोटो काढून ठेवला, हे सम्राटलाही सांगता येईना. इतके दिवस भ्यायली एकाला, निघालं भलतंच, आणि राग काढायला समोर कुणी उरलं नाही. मुक्ताबाईंचा नंबर तिनं तीनदा काढला आणि तीनदा फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शटर वर ढकलत होती, तर मागून आवाज आला. "दीक्षा ग्राफिक्स हेच का?"

फोटोतलीच पोरगी. हातातल्या मोबाइलवर कालच्या पानाचा फोटो, तळाच्या ओळीवर बोट ठेवलेलं. "घरमालकीणबाईंनी दाखवलं," सायली म्हणाली. "त्यांच्या भाच्यासाठी त्या ग्रुपात हायेत. म्हणाल्या, आधी का न्हाई सांगितलंस."

रंभानं काही लपवलं नाही. जुनी फाइल, लिंक, इंद्रजीतची उंची, सगळं सांगितलं. "चूक माझी हाय," म्हणाली. सायली कपाळाला आठ्या घालून ऐकत होती.

"ते कळलं," ती म्हणाली. "पण मुळात हे करायला कुणी सांगितलं?"

"तुझ्या आईनी. तुला ठाव न्हाई?"

"मला लग्न करायचं न्हाई, हे तिला सांगून वर्ष झालं."

रंभा स्टुलावर बसली. तिला लाज वाटली, अगदी मनापासून. त्या मेल्या सॉफ्टवेअरनंसुद्धा अकरा वेळा विचारलं होतं. आणि जिचा फोटो, जिचं नाव, जिचं दुखणं त्या पानावर, तिला एक फोन करून विचारावं हे ना आईला सुचलं ना रंभाला.

तिनं फाइल उघडली. कायमची काढून टाकायची का, पडद्यावर विचारणा आली. रंभानं माउस सायलीपुढं सरकवला. सायलीनं दाबलं.

"गेलं का?"

"हितनं गेलं. तिकडनं गेलं का, मला ठाव न्हाई. खरं सांगते."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मुक्ताबाई. रंभानं उचलला, तर त्या खुशीत होत्या. "रंभाताई, त्या बायोडाटाच्या आणखी पाच प्रती काढून ठिवा. कालपासनं फोनवर फोन, स्थळं चांगली येत्यात."

रंभानं फोनवर तळहात दाबला. "आई हाय," ती सायलीला म्हणाली. "आणखी पाच प्रती मागत्यात. काढू का?"

प्रश्न आपल्याला आहे हे सायलीच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग तिनं हात पुढं केला.

"द्या हिकडं," ती म्हणाली आणि फोन कानाला लावला. "आई, मी बोलतीय. दौंडवरनं."