भैरीचं मुंडकं आणि माझी काच

मी एक जुना, कपाळ फुटलेला मोबाईल आहे. मित्रांनो, माझ्या काचेवर आजवर किती मुंडकी उडाली त्याचा हिशोब नाही. खरं रक्त मात्र एकदाच सांडलं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. परभणीच्या दुकानातून मी पिंगळीला बायनाबाईच्या घरी आलो, दोन लेकरांत मिळून एक. थोरला बजरंग माझ्यावर क्रिकेट बघायचा. धाकटी अपेक्षा लिहून गोष्टीचा खेळ खेळायची. ती आणि सेलूची तिची मैत्रीण अनुपमा एकेक पात्र घ्यायच्या. अपेक्षा किल्लेदारीण, अनुपमा दरोडेखोर भैरी. एकीने एक प्रसंग लिहून पाठवायचा, दुसरीने पुढचा. भाले घुसायचे, बुरूज पेटायचे, उकळत्या तेलाच्या कढया उलटायच्या. पण दोघी जिवंत राहायच्या, म्हणून तर गोष्ट वर्षभर चालली. कॉलेज सुटल्यापासून अपेक्षाला मैत्रीण अशी अनुपमाच एक उरली होती. मला अपेक्षा ओढणीने पुसायची.

मग बजरंगला हौस आली. काळभुजंग नाव घेऊन त्याने पहिलाच प्रसंग लिहिला, "काळभुजंगाने तलवार फिरवली. भैरीचं मुंडकं उडालं. किल्ला जळाला. सगळे मेले."

मग उत्तरासाठी तो माझ्या काचेवर पुन्हा पुन्हा बोट फिरवू लागला.

"कुणी बोलंना कसं?"

"मेलेल्यांनी काय बोलावं, दादा? वार तुझा, पण लागला का न्हाई ते समोरच्यानं लिहायचं असतं."

"म्हंजे मी मारायचं, आन् मरायचं का न्हाई ते तिनं ठरवायचं? लय भारी!"

तेवढ्यात अनुपमाचा निरोप आला, "हा असंल तर मी न्हाई खेळत."

अपेक्षाने मला हिसकावलं. बजरंगने परत ओढलं. ती किंचाळली आणि त्याने मला फेकून मारलं. माझा कोपरा तिच्या भुवईत घुसला. मी फरशीवर आपटलो, काच तडकली आणि तिचं रक्त माझ्यावर टपकू लागलं. उकळत्या तेलाचं मला कधी भय वाटलं नव्हतं. त्या थेंबांचं वाटलं.

बायनाबाई जखमेवर हळद दाबत म्हणाली, "गावाची मुंडकी उडवणारा, बहिणीचं कपाळ बघून थरथरायलाय बघा!"

"लय न्हाई लागलं ना?" बजरंग पुटपुटला.

"ते मी सांगीन. तू नको ठरवू," अपेक्षा म्हणाली. "लय लागलंय."

मग त्याने मला उचललं. चिरेने बोट कापलं तरी लिहीत राहिला, "मागचं खोडलं. काळभुजंगाने तलवार उगारली. लागली का, ते भैरीनंच सांगावं. आन् बजरंग चुकला." पाठवलं मात्र नाही. मला बहिणीच्या हातात दिलं. तिने बराच वेळ विचार केला आणि पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनुपमाचं उत्तर आलं. "भैरी खाली वाकली. वार डोक्यावरून गेला. तिची कट्यार काळभुजंगाच्या पोटाकडे आलीय. बोल रे, आता काय करतोस?"

अपेक्षा हसली, हसताना भुवई ठणकली. "लिही, दादा," म्हणत तिने मला त्याच्याकडे सरकवलं.

मित्रांनो, आम्हाला आपटू नका. आमची काच सांधता येत नाही. भुवईवरचा व्रणही जात नाही. वार करायची खुमखुमी असलीच, तर तो गोष्टीत करा आणि समोरच्याला उत्तर देऊ द्या. बजरंग अजून शिकायलाय. त्याचं बोट माझ्या चिरेवरून जातं, तेव्हा तो जरासा थांबतो. मगच पुढचं लिहितो.