डाव्या पायाचं जोडवं

"दोन्ही एकाच दिवशी घेतलेली?" सरांनी विचारलं.

"हो सर. सराफ बाजारातून, लग्नाच्या आदल्या दिवशी," बाबा म्हणाले.

टेबलावर माझ्या आईची दोन जोडवी होती. उजव्या पायातलं झिजून तारेसारखं झालेलं. डाव्या पायातलं ग्रीस लावलेल्या कागदात, कोरं करकरीत. सर मला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, म्हणून मीच बाबांना त्यांच्याकडे आणलं होतं.

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं तपासनीस होते. मायक्रोमीटरने सुटे भाग मोजता मोजता त्यांच्या डोक्यात एक सिद्धान्त शिरला आणि मुक्काम ठोकून बसला. काळ वाहत वगैरे नाही; वस्तू झिजते, ती झीज म्हणजेच काळ. जे झिजत नाही, त्याच्यावर काळ गेलेलाच नसतो. ताऱ्यांनाही हाच नियम. आलेल्या पाहुण्याला चहाआधी हे ऐकावं लागे.

पुराव्यासाठी त्यांनी लग्नाच्या आठव्याच दिवशी आईचं डावं जोडवं काढून घेतलं. उजवं दर बुद्धपौर्णिमेला साबण लावून काढायचं, कारखान्यातल्या थंड खोलीत हातमोजे घालून मोजायचं, आकडा वहीत लिहायचा. एकतीस वर्षं. कॉलनीतल्या बायका आईच्या पायाकडे बघून हसायच्या. "आमच्या यांचा काळ माझ्या एकाच पायानं चालतो," असं म्हणून तीही हसायची.

माझ्या लग्नात मात्र तिने मागितलं. "आजचा दिवस दोन्ही घालू द्या ना."

"रीडिंग बिघडेल, सुला," बाबा म्हणाले. ती तशीच मांडवात गेली. मला त्यांचा संताप आला होता, तो अजून पुरता गेलेला नाही. या फेब्रुवारीत आई गेली.

सरांनी वही शेवटपर्यंत वाचली. ते हसले नाहीत, याचे मी उपकार मानते.

"काका, मोजमाप अप्रतिम आहे. पण हे कोरं जोडवंही एकतीस वर्षांचंच ना? काळ दोन्हींवर सारखाच गेला. हे फक्त कुणी वापरलं नाही."

बाबांनी कोऱ्या जोडव्याभोवतीचा कागद उलगडला.

"म्हणजे ह्याच्यात आमच्या लग्नाचा तो दिवस शिल्लक नाही?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही पिशवीत भरली.

रिक्षात बाबा एवढंच म्हणाले, "तुझ्या लग्नात दिलं असतं तर?"

"तर तिने घातलं असतं, बाबा." याहून मऊ काही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, तर बाबा मोरीत बसून भांडी घासत होते. करंगळीत ते कोरं जोडवं. दर पातेल्यावर ते खरखर घासलं जात होतं.

"बाबा, काढा ते. झिजेल."

"झिजू दे," ते म्हणाले, आणि त्यांनी आईचं ताट घासायला घेतलं.