फुलामागची चिठ्ठी

मित्रांनो, खेळण्यांच्या टोपलीत, एका पायाच्या बाहुलीखाली पडलेला मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. नावाला घाबरू नका. बोटातल्या थेंबभर रक्तावरून अंगातली साखर सांगायची, एवढेच माझे काम. मी कधी खोटे बोललो नाही. आता खरेही बोलता येत नाही, कारण माझी बॅटरी केव्हाच संपली आहे.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो जण तयार झाले. मी या घरात आलो तो शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पिशवीतून. त्यांना सातवा महिना होता आणि तपासणीत साखर वाढलेली निघाली होती. नर्स बोट टोचायला शिकवू लागली, तेव्हा बाई म्हणाल्या, "मला काय सुईची भीती घालता? अख्खा जन्म सुईवर काढलाय!"

मग दिवसातून चार वेळा मी आकडा सांगू लागलो. आकडा चढला की बाई निमूटपणे ताटातले गोड बाजूला सारत. उतरला की त्यांचा नवरा टाळी वाजवी. "हा आहे म्हणून माझं बाळ सुखरूप आहे," असे बाई म्हणाल्या, त्या दिवशी मला आभाळ ठेंगणे झाले.

मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. निघताना नर्सने बजावले, "साखर उतरलीय, पण गाफील राहू नका. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह व्हायचा धोका असतो. सहा आठवड्यांनी तपासून घ्या, मग दरवर्षी." तिने हे सगळे तारखेसकट चिठ्ठीवर लिहून दिले. चिठ्ठी हरवायला नको म्हणून बाईंनी ती माझ्याच पाकिटात ठेवली. घरी येताच पाकिटाची चेन ओढून मला कपाटात ढकलले आणि म्हणाल्या, "सुटले बाई एकदाची!"

घात झाला तो इथेच. बाळाच्या लशींचा कागद फ्रिजवर लावलेला होता, म्हणून एकही लस चुकली नाही. आईची तारीख मात्र माझ्यासोबत अंधारात राहिली. सासूबाईंनी तर निकालच लावला, "बाळंतपणातली साखर ती, बाळंतपणाबरोबर गेली."

चार वर्षांनी लेकीने कपाट उपसले आणि मी तिचे खेळणे झालो. आता रोज दवाखाना भरतो. "आई, बोट दे. शंभर! शाब्बास!" शंभरापुढे तिला मोजता येत नाही. माझा पडदा कोरा असतो, हे दोघींनाही चालते.

मी मात्र टोपलीतून बघतो. बाई शिलाई मशीनवर बसल्या बसल्या तांब्यामागून तांब्या पाणी पितात. घडीघडीला काम सोडून उठतात. सुई लागलेले बोट तीन आठवडे झाले तरी भरत नाही. परवा तर चष्मा असूनही त्यांना दोरा ओवता आला नाही.

"अगं, एकदा दाखवून ये ना," नवरा म्हणाला.

"आहे की आपली डॉक्टरीणबाई घरात! शंभर म्हणाली ना ती?" बाई हसल्या. मित्रांनो, माझा जीव तीळ तीळ तुटला. आकडा सांगण्यासाठी जन्मलेला मी, आणि माझ्या नावावर हा खोटा शंभर!

काल लेकीच्या हाती ती चिठ्ठी लागली. मला वाटले, सुटलो! पण तिला अजून वाचता येत नाही. तिने कोऱ्या बाजूवर लाल खडूने मोठे फूल काढले आणि आईला दिले, "हे घे तुझं औषध." आईने तिचा पापा घेतला, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली आणि फूल मशीनसमोरच्या भिंतीवर चिकटवले. तारीख भिंतीकडे गेली.

मित्रांनो, तुमच्या वेळी तुमच्या आईला अशी साखर झाली होती का, हे तिला आजच विचारा. झाली असेल, तर तिला तपासणीला घेऊन जा. आमच्या बाई आत्ताही त्या फुलाकडे कौतुकाने बघत आहेत आणि तांब्या पुन्हा रिकामा झाला आहे.