ताईने सोपं केलेलं यंत्र

स्पर्धेत रोबो चालवायला कायम मीच बसायचो. चेंडू उचलायचे, टोपलीत टाकायचे, समोरच्याला आडवं जायचं. बटणांनी गच्च भरलेला तो रिमोट माझ्याशिवाय कुणाला उमगत नसे, आणि मला त्याचा माज होता. मग माझे हात कापायला लागले. डॉक्टरांनी औषधं दिली, वर धीरही दिला. दोन्हींचा उपयोग झाला नाही.

रोबो बनवायची ती माझी थोरली बहीण. म्हणाली, "तुझे हात नाही सुधारता येत मला, रिमोट तरी सुधारते. तुझी जागा दुसऱ्या कुणाला देणार नाही."

त्यानंतर मी चुकायचो आणि ती एकेक बटण काढून टाकायची. शेवटी एक दांडा आणि चालू-बंद करायचं एक बटण उरलं. शिवाय तिने यंत्राला माझी थरथर ओळखायला शिकवलं. दांडा हलला की ते जरा थांबून बघायचं, हा खरंच वळवतोय की नुसता कापतोय. रोबो पहिल्यांदा सरळ गेला तेव्हा मी ढसाढसा रडलो.

"रड, पण रिमोटवर नको," ताई म्हणाली. "आत पाणी गेलं तर मला रडावं लागेल."

एकदा सरावाच्या वेळी सुटे भाग पोचवणारा माणूस सहीसाठी ताटकळत उभा होता. आमच्या संघाच्या कप्तानने गमतीत त्याच्या हाती रिमोट दिला. त्या बाबाने सगळे चेंडू टोपलीत टाकले, सही घेतली आणि चालता झाला. सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार?

कप्तानने रिमोट उचलून उलटसुलट पाहिला. "ताई, हा तर आता कुणालाही चालवता येतो."

"मग! केलाय कुणी?" ताई तोऱ्यात बोलून गेली, आणि लगेच तिचा चेहरा उतरला.

"मग यंदा मी बसतो. फक्त ते थांबून बघणं काढून टाका. माझा हात कापत नाही, उगाच उशीर होतो. तेवढ्यात समोरचा संघ चेंडू पळवेल."

"ते निघणार नाही. ते ह्याच्यासाठी केलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काढ ना, ताई," मी म्हणालो. "हरायचंय का आपल्याला?"

आवाज मोठ्या मनाच्या माणसाचा काढला खरा, पण मन तेवढं मोठं नव्हतं. ती पुन्हा नाही म्हणेल, भांडेल, असं मला वाटत होतं. तिने मान खाली घालून लॅपटॉप उघडला.

आम्ही जिंकलो. ढाल घेऊन सगळे फोटो काढायला अंगणात गेले, तेव्हा मी आत जाऊन रिमोट उचलला आणि दांड्याला बोट लावलं. रोबो पुढे गेला नाही, मागेही गेला नाही. जागच्या जागी थरथरत राहिला.

ताई दारात येऊन उभी होती. "बंद कर रे तो," ती म्हणाली.

मी तेच करत होतो. बोट बटणावर ठरत नव्हतं.