आमेन जरा सावकाश

मित्रांनो, मी कानाचं एक जुनं मशीन आहे. आकाराने शेंगदाण्याएवढं, पण एका घरातली भांडणं आणि प्रार्थना, दोन्ही माझ्यातूनच आत गेल्या आहेत.

माझा जन्म एका लख्ख कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बाईंनी माझ्या पाठीवर इवलीशी कळ बसवली आणि मला डबीत निजवलं. पुढे एका मुलीने मला आपल्या वडिलांसाठी घरी आणलं. आयुष्यभर पत्रे ठोकून त्यांचे, म्हणजे आमच्या आजोबांचे, कान कामातून गेले होते.

मला कानात घालताच आजोबा ओरडले, "अगं, आपला नळ गळतोय!"

"इतकी वर्षं मी काय गाणं म्हणत होते?" आजी म्हणाली.

लग्नापासून दोघांचा नेम होता. रोज संध्याकाळी शेजारी बसायचं, आजीने प्रार्थना करायची, आजोबांनी आमेन म्हणायचं. आपण कशाला आमेन म्हणतोय, ते आजोबांना माझ्यामुळे कळू लागलं.

"हे दयाळू पित्या, ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्यांना क्षमा कर. दोरी कुठे आहे ते त्यांना दाखव. आणि डॉक्टरांनी साखर बंद केली असताना बिस्किटं कोण फस्त करतं, ते मी कशाला सांगू? तू सर्व पाहतोस."

मग आजोबांनी युक्ती काढली. प्रार्थना सुरू झाली, की केस सारखे केल्यासारखं करून माझी कळ दाबायची. कट्! आजीचे ओठ थांबलेसे वाटले, की ठोकून द्यायचं, "आमेन!" दिवसभर पत्र्यांचा खणखणाट ऐकायला मी चालू, आणि देवाचं नाव निघालं की बंद. सांगा मित्रांनो, मला काय वाटत असेल?

एका दुपारी चर्चचे पाळकसाहेब भेटीला आले आणि प्रार्थनेला बसले. त्यांच्यासमोर मला बंद करायची सोय नव्हती. आजीने त्यांच्यादेखतही देवाला बिस्किटांचं सांगितलं. पाळकसाहेबांना खोकल्याची मोठी उबळ आली. ते जाताच आजोबा भडकले.

"तू देवाशी बोलतच नाहीस! त्याच्या आडून मला टोमणे मारतेस. उद्यापासून तुझी प्रार्थना तू कर, माझी मी करीन."

आजीचा चेहरा पडला. "बरं. आजच्यापुरतं तरी बसा."

संध्याकाळी आजोबा बसले. सवयीने हात माझ्याकडे आला. पण सकाळी पत्रा लागून बोट कापलं होतं, त्यावर मुळ्याएवढी जाड पट्टी होती. ती माझ्या पाठीवरून नुसती घसरली. कळ दबलीच नाही!

आजीने हात कानाकडे जाताना तिरक्या डोळ्याने पाहिला होता. तिचा आवाज एकदम खाली आला.

"प्रभू, आता यांना ऐकू येत नाही, म्हणून खरं सांगते. यांच्याशी मला धड बोलता येत नाही, म्हणून तुला मध्ये घालते. चुकलं माझं. पण कितीही रागावले, तरी हे बसायचे कधी चुकले नाहीत. उद्या ही जागा रिकामी राहिली, तर मी कोणाशेजारी बसून तुला हाक मारू? खाऊ देत बिस्किटं. फक्त एखादं कमी खाऊ देत."

पुन्हा कळीकडे निघालेला आजोबांचा हात मध्येच थांबला. आमेन काही आलं नाही.

"अहो, संपलं. म्हणा ना," आजीने त्यांना कोपराने ढोसलं.

"माझं राहिलंय." आजोबांनी पट्टीनेच डोळे पुसले. "देवा, तुझ्यासमोर बसून मी मशीन बंद करत होतो. न ऐकताच हो म्हणत होतो. मला माफ कर. आणि टॉवेल मीच टाकतो."

"बिस्किटं?" आजीने डोळे मिटूनच हळूच विचारलं.

"तीही मीच. आमेन."

आजीचे डोळे खाडकन उघडले. "अगंबाई! म्हणजे सगळं ऐकलंत?"

"शब्दन् शब्द. पण मी बंद करतो, हे तुला कसं ठाऊक?"

"तुमचं आमेन नेहमी माझ्या आधी पोचायचं!"

दुसऱ्या संध्याकाळी आजोबा आपणहून जागेवर येऊन बसले. पलंगावर ओला टॉवेल होताच. सगळं एका दिवसात कुठे सुधारतं?

मित्रांनो, माझ्यासारख्यांना पाण्यापासून जपा, आमच्यावर बसलेला कानातला मळ पुसत जा. आणि देवापुढे बसाल, तेव्हा नुसते बसू नका. आपली कळ चालू आहे ना, ते बघा.

थांबा हं, आजीची हाक आली. आजोबांचा हात माझ्याकडे येतोय. घाबरू नका, ते आवाज वाढवताहेत.