पाट्यावरचा शेंदूर

मित्रांनो, 'मी एक जुनी गाडी आहे' असं म्हणून आत्मवृत्ताला सुरुवात करायची आमच्यात पद्धत आहे. मी करणार नाही. मी चार महिन्यांची पांढरी पिकअप आहे, माझी वॉरंटी अजून धडधाकट आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. तेव्हा गुपचूप ऐका.

माझी मालकीण केराबाई, दुधनीची. तिच्या अंगणात आठ बायका ज्वारीची कडक भाकरी करतात. पापडासारखी पातळ, बोटाने टिचकी मारली तर वाजणारी. त्या भाकरीच्या चवडी घेऊन तिचा मुलगा रेवणप्पा मला सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या एका दुकानात नेतो. भाकरी अख्खी पोचली तर विकली जाते, नाहीतर भुगा. अख्खी पोचवणं, एवढंच माझं काम.

मला घरी नेलं त्या दिवशी शोरूमच्या अंगणात मला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. पुठ्ठ्याची हातभर किल्ली रेवणप्पाच्या हातात दिली. सगळे फोटोला उभे राहिले आणि केराबाई कुठे? माझ्या मागच्या चाकापाशी वाकलेली! तिथे पोलादाच्या पट्ट्या एकाखाली एक बसवलेल्या असतात, सगळं ओझं त्या झेलतात. त्यांना पाटे म्हणतात. कुंकू पुसून जातं म्हणून केराबाईने गावच्या मारुतीचा तेलात कालवलेला शेंदूर आणला होता. पाट्यांवर वरपासून खालपर्यंत तिने बोट ओढलं.

"वजं ह्येंनीच उचलायचं, मग ह्येंनाच नगं व्हय शेंदूर?" ती म्हणाली.

"मावशी, उठा! फोटो खराब होतोय!" शोरूमचा अजिंक्य खेकसला. गाड्या देणं आणि तक्रारी लिहून घेणं, दोन्हीकडे हाच मिरवतो. ती उठायच्या आत फोटो निघाला. तोच मोठा करून भिंतीवर लागला, 'आमचे समाधानी ग्राहक' या पाटीखाली. समाधानी म्हणे!

पहिल्याच आठवड्यात माझ्या अंगात आलं. वेग साठच्या वर गेला की बुडापासून थरथर सुटायची. आधी दहावीस भाकरी मोडल्या, मग अर्धी चवड. शेवटी दुकानदाराने रेवणप्पाला तोंडावर सांगितलं, "या शनिवारी भुगा आणलात तर दुसरीकडून माल घेईन." त्या दिवशी आठ बायकांनी दुपारचा डबा उघडलासुद्धा नाही.

आता अजिंक्यचं निदान ऐका. पहिल्या वेळी त्याने चाकांचं बॅलन्सिंग केलं. दुसऱ्या वेळी टायर पुढचे मागे केले, मला आवारातल्या आवारात वीसच्या वेगाने फिरवलं आणि "गाडी ओके" लिहून दिलं. अरे शहाण्या, तक्रार साठची आणि तू चालवतोस वीसवर? तिसऱ्या वेळी म्हणाला, "तुमच्याकडचे रस्तेच खराब आहेत." माझ्या खाली डोकं घालायला त्याची इस्त्री मोडत होती.

चौथ्या वेळी, शुक्रवारी, केराबाई स्वतः आली, मांडीवर भुग्याचा डबा घेऊन. तिथला मिस्त्री मोईन मला अक्कलकोट रस्त्याला घेऊन गेला. साठवर थरथर आली तशी त्याने गिअर काढला. थरथर तशीच. "म्हणजे इंजिन नाही," तो पुटपुटला. परत येऊन तो जमिनीवर पाठ टेकून माझ्या खाली शिरला. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी!

"पाटा एक जादा आहे," तो खालूनच म्हणाला. "कंपनीचे पाच, इथे सहा. जड माल असता तर मागचं अंग दबलं असतं. भाकरीला वजन किती? गाडी मागून उचललेलीच राहते, मग चाकांना जोर नेणारा शाफ्ट भलत्या कोनात फिरतो आणि थरथरतो."

अजिंक्यला तेवढंच हवं होतं. "बाहेरून पाटा टाकलाय तुम्ही! वॉरंटी गेली."

मित्रांनो, त्या क्षणी मी गिअरमध्ये असते तर तो टेबलासकट आडवा झाला असता. मला ताब्यात देण्याच्या आदल्या दिवशी "पिकअपला सगळेच टाकून घेतात" म्हणत हाच माझ्याजवळ उभा होता. त्यानेच तो पाटा घालायला लावला होता, माझ्या मालकिणीला न विचारता.

रेवणप्पा हात जोडायला लागला. "साहेब, आमाला म्हाईत बी न्हाय ओ."

"हात खाली घे," केराबाई म्हणाली. तिने वाकून पदराने पाट्यांवरचा चिखल पुसला. शेंदराची रेघ सहाही पाट्यांवर सलग उतरली होती.

"शेंदूर काय, कधीही लावता येतो," अजिंक्य हसला.

केराबाई तडक भिंतीपाशी गेली. फोटोत ती पाठमोरी वाकलेली होती आणि तिच्या बोटाशी ताजा शेंदूर चमकत होता. मोईनने तिथे बोट ठेवून सगळ्या ग्राहकांसमोर मोठ्याने मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच... सहा. अजिंक्यचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि मी पोटभर बघितला.

केराबाईने भुग्याचा डबा त्याच्या टेबलावर उपडा केला. "खावा की. तुमीच केलाय."

तासाभरात पाटा निघाला. ऐंशीवरसुद्धा मी हलले नाही. शनिवारी पहिली चवड दुकानदाराने स्वतः मोजली. एक भाकरी मोडली नव्हती.

माफी? कुणी मागितली नाही. कागदावर अजिंक्यने 'तक्रार आढळली नाही' असं लिहिलं आणि भिंतीवरचा फोटो काढून टाकला. मोईनने तो गुपचूप रेवणप्पाला दिला. आता तो माझ्या काचेशी लावलेला असतो.

म्हणून सांगते, मित्रांनो. गाडीची काळजी घ्या वगैरे तुम्हाला बाईंनी शिकवलंच असेल. मी एकच मागते. कुणी बाई गाडीखाली वाकून बघत असेल, तर फोटोसाठी तिला उठवू नका.