माझ्या पाठीची दुधी काच

मी एक जुना लाकडी कॅमेरा आहे. मला पेटी म्हणू नका, मित्रांनो, राग येतो मला. तिवईवर उभा राहिलो की मी अजूनही चारचौघांत उठून दिसतो.

माझा जन्म मेलबर्नच्या एका कारखान्यात झाला. अंग ब्लॅकवुड नावाच्या काळपट लाकडाचं, कोपरे पितळेचे आणि पोटाला घड्याघड्यांचा तांबडा चामडी भाता. पायबस नावाच्या छायाचित्रकाराने मला समुद्रापार टास्मानियात, फ्रँकलिन गावी आणलं. तिथला आमचा थाट काय विचारता! लग्नाची जोडपी, फुटबॉलचे संघ, सफरचंदं तोडणाऱ्या टोळ्या, सगळे माझ्यापुढे श्वास रोखून उभे राहत. माझ्या पाठीच्या दुधी काचेवर ती माणसं उलटी उमटत, डोकं खाली नि पाय वर. पायबस काळ्या फडक्याखाली शिरून त्यांना निरखी, मग काचेच्या जागी फिल्मची चौकट सरकवी आणि फोटो घेई.

पुढे खिशात मावणारे कॅमेरे आले. पायबस देवाघरी गेला आणि माझी रवानगी सफरचंदांच्या एका गोदामात झाली. पन्नास वर्षं तिथे पडून होतो. उंदरांनी भात्याला भोकं पाडली, दुधी काच फुटली आणि एका कोंबडीने तर माझ्या पोटात अंडी घातली. फार वाईट वाटायचं, पण सांगणार कोणाला?

ते गोदाम पाडायला काढलं तेव्हा नॉरीन डिरीन मला उचलून घरी घेऊन आली. नॉरीन म्हणजे गावातल्या शाळेची बस चालवणारी बाई, वय एकसष्ट. तिचा नवरा क्लेम लाकडी होड्या बांधतो.

"हे काय आणलंस? कोंबड्यांचं खुराडं?" क्लेमने विचारलं.

"तुला नाही का घरात घेतलं? यालाही घेते," ती म्हणाली.

आठ महिने ती माझ्यामागे लागली होती. नवा भाता तिने स्वतः घड्या घालून शिवला. पितळ घासूनघासून लख्ख केलं. साध्या काचेच्या एका बाजूवर वाळूची पूड घासून नवी दुधी काचसुद्धा बनवली. आणि तिथेच घोळ झाला. काचेची खरखरीत बाजू आत, लेन्सकडे हवी. नॉरीनने ती बाहेर ठेवली, का तर तिच्यावर पेन्सिलीने खुणा करता येतात म्हणून. मी मनात ओरडलो, "अगं बाई, उलटी बसवलीस!" पण लाकडाला कुठली वाचा?

पहिला फोटो क्लेमचा. होड्यांच्या शेडच्या दाराशी, खुर्चीत. नॉरीनने खिडकीवर घोंगडी टांगून धुण्याच्या खोलीत फिल्म धुतली आणि बाहेर आली ती तोंड पाडून. क्लेमचा चेहरा धूसर आला होता. दुसरा फोटो धूसर, तिसराही तसाच. चौथ्याला तिने दुधी काचेवर भिंग लावून, डोळ्यांत पाणी येईतो क्लेमचं नाक स्पष्ट करून घेतलं. तोही धूसरच.

त्या दुपारी तिने बसच्या किल्ल्या क्लेमपुढे टेबलावर ठेवल्या.

"सोमवारी शाळेत देऊन ये. मला नाही जमायचं."

"काय झालं?"

"आईचे डोळे बासष्टाव्या वर्षी गेले. माझे एक वर्ष आधी चाललेत. बसमध्ये बावीस पोरं असतात, क्लेम. त्यांच्या जिवाशी मी खेळणार नाही."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझ्या पाठीवरच्या काचेची आणि शिक्षा त्या बाईला!

क्लेमने शेंगदाण्यांची बशी बाजूला सारली, चारही फोटो ओळीने मांडले आणि नाक टेकवून बघू लागला.

"नॉरीन, माझं नाक धूसर आहे. पण खुर्चीमागच्या फळीतला खिळा बघ, कसा स्पष्ट आलाय."

"खिळा आलाय, नवरा नाही आला. बरोबरच आहे माझं नशीब."

"चारही फोटोंत खिळाच आलाय. माझ्या नाकापासून वीतभर मागे, दर वेळी वीतभरच. डोळे चुकले असते, तर कधी पुढे चुकले असते, कधी मागे. दर वेळी सारखं चुकतं ते माप असतं, बायको. चाळीस वर्षं होड्या बांधतोय मी. आण ती पट्टी."

पहिल्यांदाच त्याने मला खुराडं न म्हणता हात लावला. फिल्म किती खोल बसते ते मोजलं, दुधी बाजू किती खोल आहे ते मोजलं. दोन्ही मापं तंतोतंत एक यायला हवी होती. फरक निघाला तो बरोबर काचेच्या जाडीएवढा.

नॉरीन बघतच राहिली. "म्हणजे काच उलटी बसलीय?"

"काच उलटी आणि बाई सुलटी."

तिने चार स्क्रू काढले, काच फिरवली, स्क्रू बसवले. पाच मिनिटंही लागली नाहीत. लगेच पुन्हा क्लेम खुर्चीत, नॉरीन फडक्यात, आणि मी छाती फुगवून उभा. फिल्म धुऊन झाली तशी ती ओलीच उजेडात धरून नॉरीनने भिंग लावलं, आणि मग जी हसत सुटली, की थांबेचना.

"काय झालं? सांग तरी," क्लेम म्हणाला.

"तुझ्या कानातले केस मोजता येतायत."

हसताहसता ती रडायला लागली. क्लेमने तिला जवळ घेतलं. त्याचेही डोळे भरले होते, पण त्याने ते फिल्म धुण्याच्या पाण्याच्या वासावर ढकललं. खात्री करायला पुढच्या आठवड्यात ती डॉक्टरकडेही जाऊन आली. चष्म्याचा नंबर तेवढा पावभर वाढला होता.

आता दर शनिवारी मी नदीकाठी उभा असतो आणि अर्धं गाव आपला फोटो काढून घ्यायला येतं. आणि बस? ती नॉरीनच चालवते. म्हणून सांगतो, मित्रांनो, जुनं यंत्र अडलं किंवा घरातलं मोठं माणूस चुकलं, की 'आता वय झालं' म्हणून मोकळे होऊ नका. ते माणूस स्वतःच तसं म्हणायला लागलं, तर मुळीच ऐकू नका. शेजारी बसा आणि आधी पट्टी लावून बघा.